वादळ गेल्यावर घर उभे करताना : 'निसर्ग'ने कोकणातल्या बौद्धवाड्यांना काय शिकवले



सणसरपासून समुद्र लांब आहे. मग किनाऱ्यावरच्या वादळाचे आपल्या आरोग्य पानावर काय काम, असे कुणी विचारील. २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस बारामती-इंदापूर भागात पाऊस कोसळला आणि पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला, तेव्हा वस्तीवस्तीतून आम्हाला एकच प्रश्न विचारला जात होता : "पाणी तर ओसरलं, आता आधी काय करायचं?" या प्रश्नाचे उत्तर आम्ही पाच वर्षांपूर्वी कोकणात शिकून आलो होतो. ते आज सविस्तर सांगतो.

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास किनाऱ्याला धडकले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता, मधले झोत १३० पर्यंत गेले. श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग आणि रत्नागिरीतले दापोली, मंडणगड या तालुक्यांत मोठी हानी झाली. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच मंडणगड तालुक्यात आहे आणि चवदार तळ्याचे महाड याच रायगड जिल्ह्यात आहे. वादळ तिथे थांबले नाही. ते पुणे जिल्ह्यावरून नाशिककडे गेले आणि आपल्या जिल्ह्यातही माणसे दगावली.

करोनाच्या टाळेबंदीचा तो काळ. मुंबईतली कामे बंद पडलेली, चाकरमानी गावी परतलेले, घरात पैसा येत नव्हता. अशात छपरे उडाली. काही आठवड्यांनी परवानगी काढून औषधे, ताडपत्र्या आणि सॅनिटरी पॅड घेऊन आम्ही चार-पाच जण तिकडे गेलो. औषधे वाटायची आणि परतायचे, एवढाच विचार होता. पण तिथे गेल्यावर कळले, की दुखण्याचे मूळ औषधाच्या पेटीत नाही. ते छपरात आहे, विहिरीत आहे आणि कागदावर कुणाचे नाव आहे, त्यात आहे.

एका बौद्धवाडीत साठीच्या एक बाई ताडपत्रीखाली बसल्या होत्या. त्यांचा रक्तदाब मोजताना आम्ही विचारले, "पंचनामा झाला का, आजी?" त्या म्हणाल्या, "घर आमचंच हाय बाय, पण नाव सासऱ्याचं. ते जाऊन वीस वर्षं झाली." पंचनामा झाला होता. पैसे कोणाच्या खात्यावर टाकायचे, तिथे अडला होता. रक्तदाब वाढलेला होता आणि गोळ्या छपराबरोबर गेल्या होत्या.

वीज गेली की जुलाब का होतात?

वादळात विजेचे खांब हजारोंनी पडले. कित्येक गावांत काही आठवडे दिवा लागला नाही. वीज नाही म्हणून नळयोजनेचा पंप नाही. पंप नाही म्हणून लोक वर्षानुवर्षे न वापरलेल्या विहिरीवर आणि झऱ्यावर गेले. त्या पाण्यात पालापाचोळा, मेलेली जनावरे, शौचालयाच्या खड्ड्यातून पाझरलेली घाण. म्हणून विजेचा खांब हासुद्धा आरोग्याचा प्रश्न आहे. गावातला दवाखाना आणि पाण्याचा पंप यांची वीज सर्वांत आधी जोडा, ही मागणी ग्रामसभेत ठामपणे मांडली पाहिजे.

तोवर विहीर स्वतः शुद्ध करून घ्यावी लागते. सणसरला तुकोबारायांची पालखी मुक्कामाला येण्याआधी विहिरीत टीसीएल पावडर टाकतात, ते आपण पाहतो. तेच हे काम. हिशेब असा : विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, त्याला पाण्याच्या खोलीने आणि ३.१४ ने गुणा, ४ ने भागा आणि १००० ने गुणा. तेवढे लिटर पाणी विहिरीत आहे. व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर खोल असेल तर सुमारे २८,००० लिटर पाणी झाले. दर हजार लिटरला किमान अडीच ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे साधारण ७० ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर जास्त लागते, ते आरोग्यसेवकाकडून ठरवून घ्या. पावडर बादलीत कालवा, चुना तळाला बसू द्या आणि वरचे पाणी विहिरीत सोडून ढवळा. तासाभराने ओटी टेस्ट करा आणि मगच पाणी भरा. उघड्या पिशवीत राहिलेली जुनी पावडर निकामी झालेली असते, ती वापरू नका.

घरात पाणी उकळून प्या. जुलाब लागले तर ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा. अर्धी पुडी पेल्यात टाकू नका. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा चहाचा घ्या. लहान मुलाला ओआरएसबरोबर १४ दिवस झिंकची गोळी द्यायची असते, ती आशाताईंकडे मिळते. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

आवरताना होणाऱ्या जखमा

वादळात जितके लोक जखमी होतात, तितकेच नंतर आवरताना होऊ शकतात, हे आपण धरूनच चालावे. ओल्या छपरावर चढलेला माणूस घसरतो. पडलेल्या झाडाची ताणलेली फांदी तोडताना अंगावर येते. खाली लोंबणारी तार मेलेली समजून हात लावला जातो. वीज खात्याच्या माणसाने सांगेपर्यंत प्रत्येक तार जिवंतच समजा.

पत्र्याने किंवा खिळ्याने कापले तर जखम भरपूर पाण्याने आणि साबणाने धुवा. हळद, राख, चुना भरू नका. धनुर्वाताचे इंजेक्शन आधी कधी घेतले होते, ते सांगून दवाखान्यात दाखवा. चिखलात काम करताना पायात बूट घाला. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या भेगांमधून लेप्टोचा जंतू शिरतो. बहुधा पाच ते चौदा दिवसांनी ताप येतो, पोटऱ्या फार दुखतात, डोळे लाल होतात, पुढे कावीळही दिसते. असा ताप आला की "आम्ही चिखलात काम केले होते" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्या एका वाक्याने निदान लवकर होते. प्रतिबंधक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची, गरोदर बाईने तर मुळीच आपल्या मनाने नाही.

ढिगाऱ्यात साप असतो. चावलाच तर कापणे, चोखणे, घट्ट दोरी बांधणे नको. हात किंवा पाय हलू न देता १०८ वर फोन करा आणि जिथे सापाची लस आहे तिथे जा. ताडपत्रीच्या खोळीत, करवंटीत, फुटक्या कौलात साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डासांची नवी पिढी तयार होते. आठवड्यातून एक दिवस सारे पाणी उपडे करा.

एक गोष्ट फार कुणी सांगत नाही. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असते. फुटलेल्या पत्र्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि त्रास बऱ्याच वर्षांनी दिसतो. असे तुकडे आधी पाण्याने भिजवा, तोंडाला चांगला मास्क बांधा, कापू नका, घासू नका, मुलांना त्यावर खेळू देऊ नका आणि चुलीचा ओटा करायलाही वापरू नका.

छप्पर का उडते आणि कसे टिकते?

छप्पर वरून दाबले जाऊन पडते, असे आपल्याला वाटते. वाऱ्यात उलटे घडते. वारा छपरावरून वेगाने वाहताना पत्र्याला वर ओढतो. त्याच वेळी उघड्या दारातून घरात शिरलेला वारा त्याला खालून ढकलतो. दोन्ही बळे एक झाली की खिळा उपसतो. पहिला पत्रा सहसा कडेचा किंवा आढ्याजवळचा सुटतो आणि मग बाकीचे पाठोपाठ जातात.

म्हणून नव्याने बांधताना एवढे पाहा :

- खिळ्याऐवजी वायसर लावलेले जे-हूक किंवा नट-बोल्ट वापरा. कडेला आणि आढ्याजवळ ते जवळजवळ लावा.
- पत्रा वाशाला, वासा भिंतीवरच्या पट्टीला आणि पट्टी भिंतीला लोखंडी पट्टीने बांधलेली हवी. साखळीतली एक कडी सुटली तरी सगळे जाते.
- छपराचा उतार फार सपाट नको. भिंतीपासून आढ्यापर्यंतचे आडवे अंतर १० फूट असेल तर आढे साडेचार-पाच फूट उंच ठेवा. वळचण दीड फुटापेक्षा पुढे काढू नका.
- पडवीचे छप्पर घराच्या छपरापासून वेगळे बांधा. पडवी गेली तरी घर राहते.
- पत्र्यावर दगड, टायर ठेवू नका. वाऱ्यात तेच दगड शेजाऱ्याच्या डोक्यात पडतात.

आपल्या सणसर-भवानीनगरच्या वस्त्यांतही पत्र्याची घरे आहेत आणि वळवाच्या वाऱ्यात आपलेही पत्रे उडतात. जे-हुकाचा खर्च वादळाआधी परवडतो. 'निसर्ग'नंतर पत्रे आणि कौले मिळेनाशी झाली आणि भाव चढले, तेव्हा ज्याच्याकडे रोख पैसा होता त्याचेच छप्पर आधी झाले.

मदत कशाच्या मापाने मोजली जाते?

सरकारने 'निसर्ग'नंतर मदत वाढवली, हे खरे आहे. रायगडला तातडीने १०० कोटी रुपये जाहीर झाले. पूर्ण पडलेल्या घराला ९५,१०० ऐवजी दीड लाख रुपये आणि बागायतीला हेक्टरी १८,००० ऐवजी ५०,००० रुपये ठरले. पण मापाकडे नीट पाहा. हेक्टरी ५०,००० म्हणजे गुंठ्याला सुमारे ५०० रुपये. पाच गुंठ्यांच्या वाडीत नारळ-सुपारी लावून जगणाऱ्या कुटुंबाला अडीच हजार मिळणार. नारळ-सुपारीचे नवे रोप धरायला पाच-सात वर्षे लागतात. ओरड झाली, तेव्हा पुढे झाडामागे मदत देण्याचा निर्णय घ्यावा लागला. आणि जिच्याकडे गुंठाही नाही, जी दुसऱ्याच्या वाडीत सुपारी सोलायला जाते, तिची मजुरी पाच-सात वर्षांसाठी बुडाली. तिचा पंचनामा कोणत्या रकान्यात लिहायचा? तसा रकानाच नसतो.

ही गोष्ट आजची नाही. कोकणात जमीन खोताची आणि कष्ट कुळाचे होते. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले ते याचसाठी. ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याला संकटातही मोजले जात नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत नागपट्टिणमच्या किनाऱ्यावर दलित कुटुंबांना मदतछावण्यांत आणि वाटपात मागे ठेवले गेले, याच्या नोंदी झालेल्या आहेत. मासेमारीच्या होड्या मोजल्या गेल्या, पण मासे वाहणारे आणि शेतावर राबणारे हात यादीत यायला झगडावे लागले. लाट आणि वारा जात पाहत नाहीत. यादी करणारा माणूस मात्र पाहू शकतो. म्हणून यादी होताना आपण तिथे हजर असले पाहिजे.

यादीत नाव यावे म्हणून

१. आवरायला हात लावण्याआधी फोटो काढा. घर चारही बाजूंनी, आतून, भिजलेले धान्य, मेलेले जनावर, सारे. घरातले एक माणूस फोटोत उभे करा.

२. तलाठी आणि ग्रामसेवकाला लेखी कळवा आणि पोच घ्या. पंचनामा रस्त्याकडेच्या घरावर थांबू नये म्हणून वस्तीतले दोन जण त्यांच्याबरोबर शेवटच्या घरापर्यंत चाला. सही करण्याआधी पंचनामा वाचून घ्या. 'अंशतः' आणि 'पूर्ण' या दोन शब्दांत हजारो रुपयांचा फरक असतो.

३. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर कुणाचे नाव आहे, ते आजच पाहा. मयत माणसाचे असेल तर वारसनोंद करा. घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करता येते, ती करून घ्या. एकट्या राहिलेल्या बाईला पुढे तोच आधार असतो.

४. शेळी, गाय, म्हैस मेली तर पुरण्याआधी पशुवैद्यकाचा दाखला घ्या.

५. आधार, शिधापत्रिका, बँक पासबुक, उतारा, जातीचा दाखला, गरोदर बाईचे कार्ड आणि चालू औषधांची चिठ्ठी, हे सारे प्लास्टिकच्या एकाच पिशवीत ठेवा आणि त्यांचे फोटो बाहेरगावच्या नातेवाइकाच्या मोबाइलवर पाठवून ठेवा.

६. ज्यांना जमीन नाही त्यांच्यासाठी रोजगार हमीची कामे मागा. पडलेली झाडे काढणे, विहिरी उपसणे, बांध घालणे, रोपे लावणे, हे सारे उभारणीचेच काम आहे. ते यंत्राने उरकले तर पैसा बाहेर जातो. आपल्या हातांनी झाले तर तोच पैसा चुलीपर्यंत येतो.

आपल्याच राज्यात बायकांनी उभारणी हाती घेतल्याचे उदाहरण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमले गेले. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने ते काम उभे केले. घर दुरुस्तीचे पैसे किती, भिंत भूकंपाला टिकेल अशी कशी बांधायची, गवंडी बरोबर करतोय का, हे त्या पाहत होत्या. त्यांतल्या पुष्कळ जणी त्याआधी उंबऱ्याबाहेर फारशा पडल्या नव्हत्या.

मनाची पडझड

कोकणातून परतताना आमच्या पिशवीत जास्त शिल्लक राहिल्या त्या तापाच्या गोळ्या. कमी पडल्या त्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या. चालू औषध तुटते, तेव्हा वादळानंतर महिन्याभराने माणूस जातो आणि त्याची नोंद वादळात होत नाही. क्षयरोगाच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नका. वीज नसेल तर इन्सुलिनची बाटली पिशवीत घट्ट बांधून ओल्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवा.

वारा सुटला की मुले आईला बिलगत होती. मोठी माणसे रात्र जागून काढत होती. काही घरांत दारू वाढली, बायकांना मार वाढला. याला वेड म्हणू नका आणि भूतबाधा तर नाहीच नाही. मोठ्या धक्क्यानंतर मन असे वागते आणि आधार मिळाला की बहुतेकांचे सावरते. मुलांची शाळा, खेळ लवकर सुरू करा. रात्री विहारात एकत्र बसा, बोला. महिना उलटूनही झोप नसेल, जगू नये असे वाटत असेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मोफत बोलता येते.

पुढचे वादळ

१९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे १०,००० माणसे गेली. २०१३ मध्ये तिथेच 'फायलिन' आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवले आणि मृत्यू पन्नासच्या आत राहिले. मधल्या चौदा वर्षांत निवारे बांधले गेले, इशारा गावागावांत पोहोचू लागला, कोण कुणाला घेऊन जाणार, हे आधी ठरू लागले. कोकणातही 'निसर्ग'नंतर वर्षाच्या आतच, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' किनाऱ्याजवळून गेले. ज्यांची छपरे आधीसारखीच खिळ्यांवर बसवली होती, त्यांच्या पोटात पुन्हा गोळा आला.

आपल्या वस्तीपुरते एवढे तरी करू. विहार पक्क्या छपराचा असेल तर तोच आपला निवारा. तिथे पाण्याची टाकी, बायकांसाठी आडोशाचे शौचालय, बॅटरी, ओआरएस आणि टीसीएलचा सीलबंद डबा ठेवू. एका वहीत प्रत्येक घराची माहिती लिहू : गरोदर कोण, अंथरुणाला खिळलेले कोण, डायलिसिस कुणाचे, एकटी बाई कुठली, कुणाचे घर कुणाच्या नावावर. वही दर पौर्णिमेला, वंदनेनंतर, दहा मिनिटे काढून तपासू.

त्या आजींच्या घराची वारसनोंद पुढे झाली. तिथल्या दोन पोरींनी तहसीलच्या चकरा मारल्या, आम्ही फोनवरून सांगत राहिलो. छप्पर घालायला दुसरा पावसाळा उजाडला. ते नाव कागदावर आधीच असते, तर पहिल्याच पावसाळ्यात त्या कोरड्या जागी झोपल्या असत्या.

नमुना आठचा उतारा काढायला अर्धा दिवस जातो. या आठवड्यात काढा.

जयभीम.